छोट्या मोटारींचा जीर्णोद्धार

संस्कृतांतील एका थोर प्रकरणाचें नांव एका लहान मुलाच्या खेळण्यावरून पडलें आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'च्या सहाव्या अंकांत चारुदत्ताचा मुलगा रोहसेन रडत येतो. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्यानें पाहिलेली असते, आणि दासी त्याच्या हातीं मातीची गाडी देऊन त्याची समजूत घालूं पाहते. वसंतसेना आपले अलंकार उतरवून त्या मातीच्या गाडींत घालते, आणि पुढें न्यायसभेंत चारुदत्ताविरुद्ध पुरावा म्हणून तेच अलंकार उभे राहतात. एवढ्या मोठ्या नाटकाचा भार कवीनें वीतभर गाडीवर ठेविला, ह्याचें नवल वाटतें. परंतु ज्यानें मुलांचीं खेळणीं लक्षपूर्वक पाहिलीं आहेत त्यास तें फारसें वाटणार नाहीं.

मोठ्या वाहनाची लहान प्रतिकृति करण्याची हौस आपल्या भूमीस नवी नाहीं. हडप्पा व मोहेंजोदडो येथील उत्खननांत भाजलेल्या मातीच्या खेळगाड्या निघाल्या. आपल्या महाराष्ट्रांतहि, अहमदनगर म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें, १९७४ सालीं ब्राँझचा एक रथ सांपडला. तो सुमारें ४५ सेंटिमीटर लांब असून त्यास दोन बैल जुंपलेले आहेत व मागें सारथी उभा आहे. गाडीरथांच्या काळीं गाडीरथांची, तशी मोटारीच्या काळीं मोटारीची प्रतिकृति होणें क्रमप्राप्तच होतें. अशा छोट्या मोटारी बांधणें व मोडक्या झालेल्या पुन्हा नीट करणें हा छंद आज पुष्कळ देशांतील प्रौढ माणसें मोठ्या आस्थेनें करितात. सेवानिवृत्तीनंतर आम्हीहि त्यांत शिरलों. त्याविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवावे, असा विचार आहे.

साठी उलटलेल्या गृहस्थानें हातांत कानस घेऊन मुलांच्या मोटारी दुरुस्त करीत बसावें, हें कित्येकांस पोरकट वाटेल. 'पेन्शनींत निघालेल्यानें गीतेचा पाठ करावा, कीं चाकें फिरवीत बसावें?' असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस केला होता. सकाळीं एक व दुपारीं दुसरें करतां येतें, असें आम्हीं त्यांस सांगितलें. परंतु ह्या छंदांत निव्वळ वेळ घालविण्याहून कांहीं अधिक आहे. जुनी वस्तु हातीं आली असतां तिच्याशीं कसें वागावें, हा प्रश्न त्यांत पदोपदीं उभा राहतो. तो नीट समजावा म्हणून प्रथम ह्या खेळण्यांची कुळकथा सांगितली पाहिजे.

लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचे संस्थापक फ्रँक हॉर्नबी हे छोट्या आगगाड्याहि करीत. त्या आगगाड्यांच्या शेजारीं मांडण्यास शोभतील अशा सहा वाहनांचा एक संच त्यांनीं १९३३ च्या अखेरीस विक्रीस काढिला. पुढील वर्षीं त्या मालास 'डिंकी टॉईज' हें नांव मिळालें. हॉर्नबी १९३६ सालीं वारले. त्यांचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ सालीं बंद पडला. ह्या आगगाड्यांचें प्रमाण एका फुटास सात मिलीमीटर, म्हणजे सुमारें एकास त्रेचाळीस असें होतें. आगगाडीच्या सोयीसाठीं धरलेलें तें प्रमाण मोटारींस चिकटलें तें कायमचें. आज आगगाडीचा संबंध सुटला आहे, तरी संग्राहकांच्या कपाटांत एकास त्रेचाळीस ह्या प्रमाणाच्या मोटारी पुष्कळच दिसतात.

दुसरी कथा लंडनच्या लेस्नी कंपनीची. तिच्या चालकांपैकीं जॅक ओडेल यांच्या कन्येच्या शाळेंत काड्यांच्या पेटींत मावेल एवढेंच खेळणें आणण्याची मुभा होती. ओडेल यांनीं तिला रस्ते दाबण्याच्या इंजिनाची पितळी प्रतिकृति तेवढी लहान करून दिली, आणि त्यांतून १९५३ सालीं 'मॅचबॉक्स' मोटारी निघाल्या. शाळेच्या शिस्तीच्या एका नियमांतून एवढा मोठा व्यवसाय उभा राहावा, ह्याचें आम्हां शाळामास्तरांस विशेष कौतुक वाटतें. पुढें १९५६ सालीं 'कॉर्गी' मोटारी आल्या. त्यांच्या खिडक्यांस पारदर्शक प्लॅस्टिकच्या कांचा होत्या, व हें त्या वेळीं मोठें अप्रूप होतें. डिंकीचे कांहीं साचे कालांतरानें कलकत्त्यास आले आणि त्यांतून 'निकी टॉईज' ह्या नांवाच्या मोटारी निघाल्या. आमच्या पिढीच्या मध्यमवर्गीय घरांत अशी एखादी मोटार असली तर ती बहुधा परदेशीं जाऊन आलेल्या मामाकाकांनीं आणिलेली असे. ती कपाटांत राही आणि पाहुणे आले म्हणजे बाहेर निघे.

प्रमाण ही गोष्ट सांगावयास सोपी व पाळावयास कठीण. लांबी त्रेचाळीस पटींनीं घटली कीं पृष्ठभाग १,८४९ पटींनीं व घनफळ ७९,५०७ पटींनीं घटतें. एक हजार किलो वजनाची मोटार ह्या प्रमाणांत खरोखरच उतरवावयाची तर तिचें वजन अवघें साडेबारा ग्रॅम भरेल. ओतीव डिंकी त्याच्या कित्येक पट जड असते, कारण तिला मुलाच्या हातून जिन्यावरून गडगडत जावयाचें असतें. रंगाचेंहि तसेंच. कुंचल्याचा थर मिलीमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड झाला, तर तो खऱ्या मोटारीवर चार मिलीमीटरांहून जाड लेप थापल्यासारखा दिसतो. दारांच्या फटी बुजतात व कडा बोथट होतात. म्हणून पातळ रंगाचे तीन-चार हात द्यावयाचे आणि प्रत्येक हात पुरा वाळूं द्यावयाचा. उतावळ्या माणसास हा छंद चार दिवसांत सोडून जातो.

ह्या छंदाच्या दोन शाखा आहेत. पहिली नवी प्रतिकृति बांधण्याची. प्लॅस्टिकचे सुटे भाग असलेले संच विकत मिळतात. ते भाग चौकटीपासून कापून, घासून, जोडून मोटार उभी करावयाची. जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनी ह्या कामांत अग्रगण्य आहे. तिचे माजी प्रमुख शुन्साकु तामिया यांनीं पोर्श मोटारीची प्रतिकृति करण्यापूर्वीं एक खरी पोर्श विकत घेतली व तिचा भाग न् भाग सुटा करून पाहिला. ज्याची नक्कल करावयाची त्याचें ज्ञान आधीं पाहिजे, हा नियम त्यांनीं पदरचे पैसे खर्चून पाळला.

बाजारांत संच मिळत नाहीं अशी मोटार बांधावयाची झाल्यास सर्व भाग स्वतःच घडवावे लागतात. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील मुंबईस तीस वर्षें टॅक्सी चालवीत असत. फियाटच्या नमुन्यावर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार होणारी ती मोटार १९६४ पासून निघूं लागली व पुढें 'पद्मिनी' म्हणून प्रसिद्ध झाली. मुंबईच्या रस्त्यांवरील तिच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. तत्पूर्वींच आमच्या विद्यार्थ्यानें एका टॅक्सीचीं मापें टेपनें घेऊन ठेविलीं होतीं. सुमारें ३९३ सेंटिमीटर लांबीची ती मोटार त्यानें लांकडाची बॉडी कोरून ९१ मिलीमीटरांत उतरविली. काळें अंग, पिवळा टप, दाराच्या पुढल्या बाजूची त्रिकोणी कांच, टपावरील सामानाची जाळी, आणि बाहेर डाव्या अंगास बसविलेला जुना यांत्रिक मीटर, सर्व कांहीं त्यांत आलें. वडिलांनीं ती हातांत घेतली, फिरवून पाहिली, आणि पहिला प्रश्न केला तो असा: 'अरे, मीटर खालीं पाडलेला आहे, मग आंत गिऱ्हाईक कोठें आहे?' मुलानें दुसऱ्याच दिवशीं मीटरचा दांडा वर करून दिला.

दुसरी शाखा जीर्णोद्धाराची, आणि आमचें मन तींतच अधिक रमतें. तिची रीति थोडक्यांत अशी. ओतीव मोटारीची बॉडी व तळाचा पत्रा बहुधा रिव्हेटनें जोडलेलीं असतात. रिव्हेटचें पसरलेलें डोकें तेवढें बारीक ड्रिलनें कातरावयाचें. त्याखालचा खुंट शाबूत ठेवावयाचा, कारण पुढें त्यांतच आटे पाडून लहानसा स्क्रू बसवितां येतो. मग कांचा, आसनें व चाकें सोडवून प्रत्येक भाग निरनिराळ्या वाटींत ठेवावयाचा. जुना रंग काढावयाचाच असेल तर पेंट रिमूव्हर लावून तो मऊ करावयाचा व दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें सोडवावयाचा. धातूवर चाकू घालावयाचा नाहीं. नंतर स्वच्छ धुणें, वाळविणें, प्रायमरचा पातळ हात, बारीक पॉलिशपेपरनें पाण्यांत घासणें, आणि शेवटीं रंग. वांकलेला आंस सरळ करितां येतो. रबरी टायर वाळून तडकलेले असतात. तशाच मापाचे नवे टायर करणारे लहान व्यावसायिक विलायतेंत आहेत, व ते टपालानें माल पाठवितात.

एका रोगावर मात्र औषध नाहीं. ह्या मोटारी जस्तांत थोडें ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम व तांबें मिसळलेल्या धातूच्या असतात. जस्त अत्यंत शुद्ध असेल तरच हा धातु टिकतो. त्यांत शिशाचा अल्प अंश जरी राहिला, तरी धातूच्या कणाकणांमधील सांधे आंतून झिजूं लागतात. ओतीव भाग फुगतो, त्यास भेगा पडतात, आणि वर्षानुवर्षांनीं तो बोटांत चुरतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या पुष्कळ डिंकी मोटारी ह्या रोगानें गेल्या. उष्ण व दमट हवेंत तो अधिक वेगानें वाढतो, म्हणून कोंकणपट्टींतील संग्राहकांनीं विशेष जपलें पाहिजे. बाहेरून नवा रंग चढविल्यानें तो थांबत नाहीं. भेग रंगासकट उमलते. ओततांना जो दोष आंत राहिला त्यावर पुढील कारागिराचा कांहीं उपाय चालत नाहीं.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. जुनी मोटार हातीं आली म्हणजे कोठवर दुरुस्त करावी व कोठें थांबावें? ह्याचें उत्तर आम्हांस मोटारींच्या पुस्तकांत मिळालें नाहीं. तें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत मिळालें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें तें कार्य १९१९ सालीं हातीं घेतलें व १९६६ सालीं पुरें केलें. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर हे १९२५ पासून १९४३ सालीं निधन होईपर्यंत तिचे प्रमुख संपादक होते. त्या संपादकांस हवे तेथें सुरेख पाठ रचून घालणें अशक्य होतें काय? मुळींच नाहीं. परंतु पोथ्यांचा आधार सोडून त्यांनीं सौंदर्य शोधिलें नाहीं. आणि जेथें पाठाची पुरती खात्री देतां येईना, तेथें त्यांनीं पाठ तर दिला, पण त्या अक्षरांखालीं एक नागमोडी रेषा काढिली. एवढा भाग संशयित आहे, वाचकानें जपून घ्यावा, असें ती रेषा सांगते. जीर्णोद्धार करणाऱ्याच्या हातांत अशी नागमोडी रेषा सदैव असली पाहिजे, असें आमचें मत आहे.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या परिचयाच्या एक वृद्ध काकू आपल्या भाच्यास बरोबर घेऊन आमच्याकडे आल्या. रुमालांत गुंडाळलेली डिंकीची स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटार त्यांनीं टेबलावर ठेविली. ती त्यांच्या थोरल्या बंधूंची. बंधु १९५६ सालीं वयाच्या अकराव्या वर्षीं विषमज्वरानें वारले. मोटार वडिलांनीं मुंबईहून आणिलेली. मूळ रंग बदामी. पण टपावर व एका दारावर मुलानें खिडक्यांचा उरलेला निळा तैलरंग फांसलेला होता. एक टायर नाहींसा झालेला, मागचा आंस वांकलेला.

भाचा म्हणाला, 'मास्तर, हिला अगदीं दुकानांतल्यासारखी करून द्या. आत्याची फार इच्छा आहे. खर्चाचा विचार करूं नका.'

आम्हीं भिंग घेऊन मोटार न्याहाळली. दारावरील निळा रंग ओला असतांना कोणी तरी तेथें बोट टेकलें होतें. त्या बोटाच्या रेषा रंगांत स्पष्ट उमटून वाळल्या होत्या. बोट लहान होतें. आम्हीं भिंग काकूंच्या हातीं दिलें आणि सांगितलें कीं, दुकानांतल्यासारखी करावयाची तर बदामी व निळा दोन्ही रंग मुळापर्यंत काढावे लागतील. हें आपण पाहून घ्यावें आणि मग काय तें सांगावें.

काकू बराच वेळ पाहत राहिल्या. भाच्यानें विचारलें, 'पण आत्या, हा निळा रंग काय त्यानें चांगला लावला आहे?'

'मुळींच नाहीं,' काकू म्हणाल्या. 'त्याबद्दल आईनें त्याला मारलेंहि होतें.' मग भिंग खालीं ठेवून आमच्याकडे वळून म्हणाल्या, 'मास्तर, दादाचा फोटो आमच्याकडे एकहि नाहीं. हें असूं द्या.'

आम्हीं रंगास हात लाविला नाहीं. सौम्य साबणाच्या पाण्यांत कापसाचा बोळा भिजवून ठसा टाळून धूळ काढिली, आंस सरळ केला व एक नवा टायर घातला. तो नवा आहे हें पुढें कोणास कळावें म्हणून तळाच्या पत्र्यास आंतून एक चिठ्ठी चिकटविली, आणि काय केलें व कोणत्या सालीं केलें तें तींत लिहिलें. बाकीचे तीन टायर तडकलेले होते, पण चाकावर टिकून होते. ते तसेच ठेविले.

ह्यावरून सरसकट सर्वच मोटारी मळक्या ठेवाव्या, असा अर्थ कोणी काढूं नये. रंग पुरता गेलेली, सारख्या हजारों निघालेल्यांपैकीं एखादी, आणि जिच्यापाशीं कोणाची आठवण गुंतलेली नाहीं अशी मोटार खुशाल नव्यानें रंगवावी. त्यांत हाताचें कसब वाढतें व वस्तूस दुसरा जन्म मिळतो. कानस हातीं घेण्यापूर्वीं आम्ही स्वतःस तीन प्रश्न विचारीत असतों. जें काढून टाकावयाचें तें पुन्हा आणतां येईल काय? जें घालावयाचें तें मूळ कसें होतें ह्याचा पुरावा आहे काय? आणि पुढें ही वस्तु ज्याच्या हातीं जाईल त्यास आपण काय केलें तें कळेल काय? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें स्वच्छ मिळालीं म्हणजे काम करण्यास हरकत नाहीं. पहिल्याचें उत्तर 'नाहीं' असें आलें, तर मालकास दाखवून, त्याचें म्हणणें ऐकून मगच पुढें जावें.

तिसऱ्या प्रश्नास व्यवहारांत फार महत्त्व आहे. जुन्या मोटारींस आज मोठ्या किंमती येतात. मूळ रंग व मूळ पुठ्ठ्याची पेटी असेल तर किंमत कित्येक पट चढते. अशा बाजारांत नव्यानें रंगविलेली मोटार मूळची म्हणून खपविण्याचा व नकली पेटी जोडून देण्याचा मोह कित्येकांस होतो. जाणते संग्राहक टवके उडालेली खरी मोटार पसंत करितात व चकचकीत पुनर्रंजित मोटारीस कमी मोल देतात, हें नवशिक्यास आरंभीं चमत्कारिक वाटतें. वास्तविक त्यांत चमत्कारिक कांहींच नाहीं. टवका हा खरा असतो. तो पडला त्या दिवशीं कोणी तरी त्या मोटारीशीं खेळत होतें. म्हणून आपल्या हातून झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची खूण तळाशीं करून ठेवणें हा ह्या छंदांतील सचोटीचा पहिला नियम समजावा.

ज्या वाचकांस हा छंद लावून घ्यावयाचा असेल त्यांनीं आरंभ मोठा करूं नये. जुन्या बाजारांत टवके उडालेल्या साध्या मोटारी अद्यापि मिळतात. तशी एखादी आणावी. दोन कानशी, बारीक ड्रिल, चिमटा, भिंग व तीन-चार कुंचले एवढ्यांत वर्षभर काम चालतें. रंग काढण्याचें द्रावण त्वचेस व श्वासास अपायकारक असतें. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून किंवा गच्चीवर बसूनच तें वापरावें. जुन्या खेळण्यांच्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, यास्तव घांसतांना कोरडी पूड उडूं देऊं नये, आणि अशी मोटार तोंडांत वस्तु घालणाऱ्या बालकाच्या हातीं कधींहि देऊं नये. आठदहा वर्षांच्या नातवंडांस मात्र रंगाच्या कामास जवळ बसवावें. प्रमाण व घनफळ हीं प्रकरणें आम्हीं फळ्यावर अनेक वर्षें शिकविलीं. पण मोटारीचें वजन साडेबारा ग्रॅम कां भरावें, हें आमच्या नातवास टेबलाशीं बसून जितकें लौकर उमगलें तितकें वर्गांत क्वचितच कोणास उमगलें असेल.

दिवाळीच्या साफसफाईंत माळ्यावरची एखादी पेटी उघडतांना अशी मोडकी मोटार हातीं लागली, तर ती भंगारांत टाकण्यापूर्वीं, किंवा हौसेनें तिच्यावर ताजा रंग चढविण्यापूर्वींहि, घरांतील वडील माणसांस एकदां दाखवावी. ती कोणाची, कोणीं आणिली, कोणीं मोडली, हें सांगणारें माणूस घरांत असेल तोंपर्यंतच तें विचारून घेतलें पाहिजे. आणि मिळालेलें उत्तर कागदावर लिहून त्या मोटारीसोबत ठेविलें पाहिजे. टायर पुढेंहि मिळतील.